घरमालकीणबाईंची इप्सिलॉन

तुरिनला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी इथल्या मोटार कंपनीला 'लान्सिया' म्हणाले आणि घरमालकीणबाईंनी लगेच दुरुस्त केलं, "लान्चा!" आपल्या कानाला त्यात लाच ऐकू येते, पण इटालियनमध्ये अर्थ भाला.

बाईंकडे लान्चाची जुनी छोटी गाडी आहे, इप्सिलॉन. तिच्या मागच्या दाराचं हँडल काचेशेजारच्या काळ्या भागात असं दडवलंय की पहिल्यांदा मी दार चाचपडतच राहिले. स्पीडोमीटर स्टिअरिंगमागे नसून डॅशबोर्डच्या मधोमध. शेजारी बसलेल्यालाही वेग दिसतो, हे बाईंना अजिबात पसंत नाही.

2017 नंतर लान्चा फक्त इटलीत आणि फक्त ही एकच गाडी विकत होती. आणि गंमत म्हणजे ती खपत होती! 2023 सालीसुद्धा चाळीस हजारांच्या वर. लहान, स्वस्त, कुठल्याही फटीत पार्क होणारी. घेणाऱ्यांना स्ट्राटोसशी, म्हणजे लान्चाच्या जुन्या नावाजलेल्या रॅली गाडीशी, काही देणंघेणं नव्हतं.

मग लान्चा ज्यांच्या मालकीची आहे त्या स्टेलांटिस समूहाने ठरवलं की लान्चाला 'प्रीमियम' करायचं. 2024 ची नवी इप्सिलॉन स्पेनमध्ये बनते. सांगाडा प्यूजो 208 आणि ओपेल कोर्साचा, मागचे गोल दिवे मात्र स्ट्राटोसची आठवण करून देणारे. विजेवरची पहिली खास आवृत्ती मोजून 1906 गाड्यांची, कारण कंपनीची स्थापना 1906 ची. आत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये चक्क एक छोटं गोल टेबल. साध्या हायब्रिडची किंमत सुरुवातीलाच पंचवीस हजार युरोंच्या आसपास. बाई शोरूममध्ये जाऊन आल्या, टेबलावर हात फिरवून आल्या, आणि जुन्या गाडीला नवे टायर घातले. असं करणाऱ्या त्या एकट्या नसाव्यात, कारण विक्री धाडकन कोसळली.

मला राग येतो तो इतिहासाचा असा सजावटीसारखा वापर केल्याचा. लान्चाच्या 1922 च्या लाम्ब्दा गाडीत वेगळी चासी नव्हती, बॉडीच सगळा भार पेलायची. 1950 च्या औरेलियात व्ही-6 (V आकारात सहा सिलिंडरांचं) इंजिन, रोजच्या विक्रीच्या गाडीत जगात पहिल्यांदा. 1987 ते 1992 ओळीने सहा वर्षं रॅलीचं जगज्जेतेपद डेल्टाकडे. हे सगळं इंजिनियरांनी केलं होतं. (रॅलीच्या गाड्यांवर धावणारा लाल हत्ती असायचा. इटलीत हत्ती! मला तो फार आवडतो.)

2021 मध्ये स्टेलांटिसचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस ताव्हारेस यांनी समूहातल्या प्रत्येक ब्रँडला दहा वर्षांची मुदत दिली होती. मुदतीची निम्मी वर्षंही झाली नाहीत तोवर, डिसेंबर 2024 मध्ये, तेच पायउतार झाले. आता दक्षिणेतल्या मेल्फीत बनणाऱ्या गामा या मोठ्या गाडीकडे बोट दाखवलं जातंय. लहान गाडीचं गिऱ्हाईक हातचं घालवून मोठीला कुठून आणणार, हे मला तरी कळत नाही.

रविवारी बाईंबरोबर तुरिनच्या बोर्गो सान पाओलो भागातून गेले. विया विन्चेन्झो लान्चा या रस्त्यावर कंपनीची जुनी उंच इमारत कमानीसारखी उभी आहे, रस्ता तिच्या पोटाखालून जातो. बाईंनी तिथे वेग कमी केला. मधल्या काट्याकडे माझं लक्ष होतंच.

"तीस," मी म्हणाले.

"बघू नकोस," त्या म्हणाल्या.