लेकराची सीट मागं बसवली, पण गाडीत दुसरं कुणीच नसलं तर?

आमचं दुकान लातूरला, कार अ‍ॅक्सेसरीजचं, मी तिथं फिटिंग बघतो. सीट कव्हर, कॅमेरा, स्पीकर, हॉर्न, दिवाळीच्या आसपास तर जेवायला वेळ मिळत नाही एवढं काम असतं. लेकरांची कारसीट मात्र क्वचित येते, आणि येते ती पण ऑनलाइन मागवलेल्या खोक्यातून, आमच्याकडून घेतलेली नाही, त्यामुळं मालकाचं तोंड आधीच वाकडं असतं. माणूस गाडीत निळे-जांभळे लाइट लावायला दहा हजार मोजतो, मॅचिंग मॅट घेतो, आणि सीटचं नाव काढलं की म्हणतो अहो आमची मिसेस मांडीवर घेते की, आणि मी हळूच चालवतो. हळू चालवणाऱ्याला मागून ट्रक ठोकतच नाही म्हणे.

तर ही मॅडम आली सासऱ्यांना आणि सहा महिन्यांच्या लेकराला घेऊन. बँकेत नोकरी, ब्रँच मुरूडला. सव्वीस आठवड्यांची रजा संपलेली, नवरा पुण्यात, सासूबाईंचे गुडघे गेलेले. प्लॅन असा की सकाळी लातूरहून एकटीनं गाडी घेऊन निघायचं, लेकरू मुरूडात आईकडं सोडायचं आणि मग ब्रँच, संध्याकाळी उलटं. बार्शी रोड, अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. गाडी सेकंडहँड, 2022 ची हॅचबॅक. सीट कुण्या नातेवाइकानं बारशाला दिलेली, आणि ती एका दुकानातून बसवून पण आणलेली होती, त्यांना फक्त पट्टे ढिले वाटायले म्हणून दाखवायला आले.

दार उघडलं तर सीट पुढच्या डाव्या सीटवर, तोंड समोर, बेल्ट लाल खुणांमधून ओवलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या असल्या दोन्हीकडं तोंड करता येणाऱ्या सीटवर बेल्ट ओवायच्या जागांना रंग दिलेले असतात. निळा म्हणजे लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, लाल म्हणजे समोर. सीटच्या मागं एक नारिंगी लेबल असतं, त्यावर गोलात ई, म्हणजे युरोपियन मान्यतेची खूण, आणि किती किलोपर्यंत चालते ते छापलेलं असतं. हे लेबल बघायला दहा सेकंद लागतात. ज्यानं बसवली त्यानं बघितलं नाही, वर मॅडमला सांगितलं की समोर तोंड असू द्या, लेकराला रस्ता दिसतो, रडत नाही. माहितीचं पुस्तक खोक्यासकट कचऱ्यात टाकून मोकळा. असल्यांना काय म्हणावं, धंदा आमचाच आहे म्हणून गप बसतो.

आधी पहिला मुद्दा घेतला, तोंडाचा. सहा महिन्यांच्या लेकराचं डोकं म्हणजे अंगाच्या उंचीचा जवळपास चौथा हिस्सा, मोठ्या माणसाचं आठवा हिस्सा. लेकरानं मान धरली म्हणजे ते बसतं इतकंच, जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली तर ते डोकं पुढं फेकलं जातं आणि सगळा भार मानेवर येतो. तोंड मागं असलं की पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. हे त्यांना लगेच पटलं.

मग म्हणाल्या, बरं दादा, तोंड मागं करा पण राहू द्या पुढंच, मला दिसलं पाहिजे, मी एकटी असते. आणि खरं सांगायचं तर हीच गोष्ट अजिबात करायची नाही. तोंड मागं केलं की सीटची पाठ डॅशबोर्डला टेकायला येते, आणि एअरबॅग असते त्याच डॅशबोर्डात. ती पापणी लवायच्या आत फुटते, ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगानं, थेट लेकराच्या डोक्यामागच्या प्लास्टिकवर. मोठ्या माणसाला वाचवणारी वस्तू लेकराला मारते. डाव्या सन व्हायझरवर याचं चित्र असतं, लाल रेघ मारलेलं, मी व्हायझर खाली करून दाखवलं. 2021 संपेपर्यंत पुढं दोन एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या, त्यामुळं हिच्या गाडीत ती होतीच.

सासरे एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, तोवर शांत होते. म्हणले, मग ती पिशवीच बंद कर की बाबा, फ्यूज काढ. काकांना म्हणलं, काही गाड्यांत किल्लीनं बंद करायची सोय असते, हिच्यात नाही. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की समजायचं ते एअरबॅगचं, आम्ही त्याला हात लावत नाही. फ्यूज काढला तर सूनबाईंच्या स्टिअरिंगमधली पण जाईल आणि बेल्ट आवळून धरणारं यंत्र पण बंद पडेल. गावात पाचशे रुपयांत काढून देणारे आहेत, मला माहीत आहेत, मी पत्ता दिला नाही.

म्हणजे मागं. आता मागं कुठं, तर मधली जागा सगळ्यात चांगली धरतात कारण दोन्ही दारांपासून लांब. पण या गाडीत मधे नुसता पोटावरचा बेल्ट, आणि या सीटला खांद्यासकटचा तीन टोकांचा बेल्ट लागतो, त्यामुळं ते बाद. गाडीला दोन्ही कडेला आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टाशिवाय लेकराची सीट अडकवायच्या, कड्या होत्या पण सीटला त्यात अडकायचे हूक नव्हते, दोन्हीला असलं तरच उपयोग. राहिली उजवी आणि डावी. ड्रायव्हरच्या मागं बसवली तर लेकरू काढायला रहदारीच्या बाजूनं दार उघडावं लागतं, आणि तोंड मागं असलेली सीट लांब लागते, मॅडमना स्टिअरिंगला चिकटून बसावं लागलं असतं, ते पण धोक्याचंच. डावीकडं मात्र पुढची सीट रिकामीच, ढकला पुढं हवी तेवढी, आणि दार रस्त्याच्या कडेला उघडतं. एकट्या माणसाला डावी मागची. हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय आणि आजही सांगतो.

बसवायचं काम मात्र मी मनापासून केलं, त्याचं सांगतोच. आधी जाड रेक्झिनचं कव्हर त्या जागेवरून काढायला लावलं, त्यावर सीट साबणासारखी सरकते. आमच्या दुकानासमोर नालीकडं उतार आहे, तिथं सीटचा कोन कळत नाही, म्हणून गाडी समोरच्या सपाट जागेवर नेली. सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली पाहिजे. लेकरू फार उभं बसलं तर झोपेत हनुवटी छातीला लागते आणि श्वास अडकू शकतो. बेल्ट निळ्या खुणांमधून घेताना पुरेना, आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत मागचे बेल्ट आखूडच, शेवटी पुढची सीट पुढं ढकलून, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून, पीळ काढून बोटभर शिल्लक राहिला तेव्हा बसला. मग गुडघा सीटमधे रोवून सगळा भार टाकायचा आणि खांद्याचा पट्टा ओढायचा. झाल्यावर जिथून बेल्ट जातो तिथं धरून हलवायचं, इंचापेक्षा जास्त हलली तर परत सुरुवात. मी दोनदा परत सुरुवात केली. मालक आतून बघायले होते, बिल किती होणार हे त्यांच्या डोळ्यात दिसत होतं.

लेकरू आणलं ते कुंची, स्वेटर, वरून दुपटं असं. दुपट्यावरून पट्टे लावले की घट्ट वाटतात, पण धडकेत कापड दबतं आणि पट्टे ढिले पडतात. दुपटं काढून, पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून घेऊन, खांद्यापाशी पट्टा चिमटीत येत नाही इतपत आवळले. मग वरून दुपटं घाला हवं तर. काका म्हणले, गुदमरंल की रे लेकरू. नाही गुदमरत काका. तू तुझं लेकरू कशावर नेतूस? म्हणलं मोटरसायकलवर. त्याला पण 2023 पासून नियम आहे, चार वर्षांखालच्याला पट्टा आणि हेल्मेट आणि चाळीसच्या आत वेग, पण काका एवढं हसले की नियम तोंडातच राहिला.

इथवर सगळं नेहमीसारखं. बिल व्हायच्या आधी मॅडम म्हणाल्या, एक चक्कर मारून बघू का, तुम्ही बसा सोबत. बसलो मागं उजवीकडं, काका दुकानातच थांबले. बार्शी रोडला लागलो. ऊस कारखान्याला चाललेला, दुहेरी ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. थोडं पुढं गेलो आणि लेकरानं सूर धरला. साधं कुरकुरणं नाही, टिपेचा. मॅडमचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटून मागं आला, चाचपडायला, बोटं सीटच्या पाठीवर आपटायली कारण तोंड मागं असल्यामुळं लेकरू त्या पाठीच्या पलीकडं. नजर आतल्या आरशात, आरशात दिसतंय काय तर राखाडी प्लास्टिक. गाडी हळूहळू मधल्या रेघेवर, समोरून टेम्पो, त्यानं हॉर्न दाबून धरला. मी म्हणलं समोर बघा मॅडम समोर. सावरली. थोड्या वेळानं एका पंपावर घेतली.

तिथं त्या शांतपणे म्हणाल्या, बघितलंत? पुढं असतं तर हात तरी लागला असता.

मी म्हणलं, पुढं असतं तरी हात सुटलाच असता, नजर गेलीच असती, उलट जास्त वेळ. हे खरं पण आहे. मग म्हणलं रडलं तर बाजूला घ्यायची आणि मग बघायचं, रडणारं लेकरू श्वास घेतंय. त्या म्हणाल्या, कुठं घ्यायची? साइडपट्टी हातभर खचलेली, खाली नाली, हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला अंधार, एकटी बाई लेकरू घेऊन उसाच्या फडाशेजारी थांबू? यावर माझ्याकडं काही नव्हतं.

आरसा मिळतो, मागच्या हेडरेस्टला बांधायचा, म्हणजे लेकराचं तोंड ड्रायव्हरला दिसतं. मला तो फारसा आवडत नाही, धडकेत सुटला तर लेकराच्याच तोंडावर, आणि नजर रस्त्यावरून जातेच. पण तरी मी दिला असता, अगदी हलका, मऊ कडांचा. तर या गाडीचे मागचे हेडरेस्ट सीटमधेच शिवलेले, बांधायला जागाच नाही. चिकटवायचे आमच्या मालकाकडं ढीगभर आहेत, ते मी दिले नाहीत, त्यावरून संध्याकाळी बोलणी खाल्ली.

पंपावरच बसून रस्त्याची आखणी केली. थांबायचं तर पंप, किंवा फाट्यावरचं हॉटेल जिथं चार माणसं असतात, मधे कुठं नाही. निघायच्या आधी पाजून ढेकर काढून दहा मिनिटं घालवायची. अजून एक सांगितलं, पर्स आणि मोबाइल मागं लेकराच्या पायाशी ठेवा, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागेल. त्यांना राग आला, मी माझं लेकरू विसरेन का? अमेरिकेत नव्वदच्या दशकात एअरबॅगमुळं लेकरं मागच्या सीटवर गेली आणि त्यानंतर बंद गाडीत विसरून, उन्हात तापून दगावणारी लेकरं वाढली, चांगल्या शिकलेल्या आईबापांची. मागं तोंड, मागची सीट, झोपलेलं लेकरू, रिकामी सीट आणि हे ड्रायव्हरला सारखंच दिसतं. लातूरचा मे महिना काय असतो ते मी त्यांना सांगायची गरज नव्हती. ऐकून घेतलं, पर्स मागं ठेवली.

परत आलो तर काकांचा शेवटचा प्रश्न, पाय दुमडायलेत, तोंड पुढं कधी करायचं? सीटवर नऊ किलोपासून पुढं तोंड चालतं असं लिहिलंय, नव्या युरोपियन नियमात पंधरा महिन्यांच्या आत करायचंच नाही. मी म्हणलं ते नऊ किलो विसरा, पंधरा महिने तरी हात लावू नका, पाय दुमडल्यानं काही होत नाही. कायद्यात चौदा वर्षांखालच्या लेकराला बेल्ट किंवा सीट नसली तर हजार रुपये दंड आहे, 2019 च्या दुरुस्तीपासून, पण त्यासाठी लातुरात कुणाला अडवलेलं मी तरी बघितलं नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. एअरबॅग किल्लीनं बंद होणारी गाडी असती, सीटच्या पुस्तकात परवानगी असती, तर एकटीनं जाणाऱ्या या बाईला मी पुढं बसवून दिली असती का? अजून तरी मागंच म्हणतो, कारण धडक झाली तर मागं बरं हे काही बदलत नाही. पण धडक व्हायच्या आधीचं ते चाचपडणं मी मागं बसून बघितलंय आणि सीटच्या कुठल्याच लेबलवर त्याचा रंग नाही. उद्या उदगीरचे एक सर येणार आहेत, त्यांच्या गाडीला ती किल्लीची सोय आहे, बायको एकटी चालवते. त्यांना फोनवर सांगून ठेवलंय की लेकरू घेऊन या, आणि गाडी चालवणारीला घेऊन या, आधी चक्कर मारू आणि मग बोल्ट-बेल्टाचं बघू. मालक म्हणले पेट्रोलचे पैसे कोण देणार.