मागच्या सीटचं माप

सप्टेंबर लागला की साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या आमच्या हेल्मेट-जॅकेटच्या दुकानात दुचाकीनं कास पठारावर निघालेल्यांची गर्दी होते. निम्म्यांना रेनकोट हवा असतो, निम्म्यांना फोटोत उठून दिसेल असं जॅकेट. अशाच एका शनिवारी एक मुलगा आईला घेऊन आला. स्वतःचं जॅकेट, बूट, हेल्मेट, सगळं भारीतलं. आईसाठी मात्र घरातलं जुनं हेल्मेट पिशवीत.

"हिला फक्त जॅकेट दाखवा. कुठलंही चालेल, मागंच तर बसायचंय."

हे मी रोज ऐकते. मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम 129 मागं बसणाऱ्यालाही लागू आहे, हे सांगून कुणी ऐकत नाही. म्हणून मी वेगळं सांगते: ब्रेक कधी लागणार हे पुढच्याला माहीत असतं, मागचा बेसावध असतो.

मावशींना ते हेल्मेट घालायला दिलं. अंबाड्यावर टेकून ते पुढं झुकलं. मी दोन्ही हातांनी हलवलं, तर डोकं जागेवर आणि हेल्मेट गरगर. टेप घेतली. भुवयांच्या बोटभर वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवली तर 55 सेंटिमीटर. हेल्मेटवर लिहिलेलं 60.

"मावशी, अंबाडा सोडावा लागेल."

"दुकानात केस सोडू व्हय?"

ट्रायल रूममध्ये नेऊन मीच मानेजवळ खाली सैलशी वेणी घातली. चष्मा काढून आयएसआय मार्कचं स्मॉल घातलं, मग चष्म्याच्या दांड्या आत सरकवल्या.

"गाल चेपत्यात की गं!"

चेपायलाच हवेत. गालाच्या गाद्या वापरून सैल पडतात, त्यामुळं नवं हेल्मेट आरामशीर वाटलं तर ते मोठंच समजायचं. कपाळावर एकाच जागी दुखत असेल तर मात्र डोक्याचा आणि हेल्मेटचा आकार जुळत नाही. ते कळायला वेळ लागतो, म्हणून म्हटलं, राहू द्या डोक्यात.

जॅकेट आरशासमोर झकास बसलं. आरशाचं काय, गाडीवर कोण उभं राहतं? दोघांना बाहेर गाडीवर बसवलं. मावशी साडीत, एका अंगाला बसल्या. एक हात लेकाच्या खांद्यावर गेला तशी बाही वर चढली आणि कोपराचं गार्ड दंडावर सरकलं. एक नंबर लहान, दंडाला पट्टा असलेलं जॅकेट काढलं. हात वाकवला तरी गार्ड कोपरावरच राहिलं.

तेवढ्यात माझं लक्ष मागच्या चाकाकडं गेलं. साडी-गार्डच नव्हतं.

"लुक जातो म्हणून काढलंय," मुलगा म्हणाला. चाकाचा निम्मा भाग झाकणारं ते गार्ड नियमानं लागतं, आणि पदर चाकात गेला तर काय होतं ते साताऱ्यात कुणाला सांगायला नको.

मावशींनी हेल्मेटमधूनच निकाल दिला. "मी सुनेचा पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसंन. पर ते गार्ड आत्ता बशीव. तंवर मी पैसं देत न्हाई."

मुलगा गॅरेजकडं पळाला. मावशी हेल्मेट घालूनच स्टुलावर बसल्या, चहा आल्यावर काढलं. मी कपाळ बघितलं. लाल वण कुठंच नव्हता.

"बरं," चहाचा घोट घेत त्या म्हणाल्या, "आता दोन्हीचं मिळून किती कमी करतीस ते सांग."