अठरा वर्षांनी मित्राकडे, तंबू घेऊन

मित्राच्या गावापर्यंतचा प्रवास सलग केला असता तर गाडीने एका दिवसात संपला असता. तरीही आम्ही तो तीन दिवसांचा केला आणि वाटेतल्या दोन्ही रात्री तंबूत काढल्या. मुलांच्या सुट्टीचे निमित्त होते, पण खरे कारण माझे होते. ज्याला भेटून १८ वर्षे झाली, त्याच्या दारात घाईघाईने जाऊन उभे राहणे मला नको होते. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हाही मी फोनवर विचारपूस करून थांबलो होतो. ती बोच मनात घेऊनच निघालो होतो, आणि पत्नीखेरीज कोणाला ती ठाऊक नव्हती.

रस्त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. दर दोन तासांनी थांबायचे ठरवले होते आणि ते पाळले. पहिल्या रात्री मात्र जागा निवडताना माझी चूक झाली. उताराच्या तळाशी, खोलगट भागात मऊ, सपाट गवत दिसले आणि मी तेथेच तंबू ठोकला. थंड हवा जड असते. निवांत रात्री ती उतारावरून खाली सरकते आणि अशाच खळग्यांत साचते, हे माहीत असूनही त्या वेळी सुचले नाही. गारठा वाढला म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या, ही दुसरी चूक. चौघांच्या श्वासातल्या वाफेला बाहेर पडायला वाट उरली नाही आणि पहाटे कापडाला आतून थेंब लोंबू लागले. तंबू गळतो आहे, असे मुलाला वाटले. बाहेर पावसाचा थेंबही नव्हता. थंड कापडावर आमच्याच श्वासाचे पाणी झाले होते. हे कळल्यावर तो बराच वेळ एक थेंब बोटाने दुसऱ्यापर्यंत नेत, त्यांचा ओघळ करत बसला. ऊब यावी म्हणून स्टोव्ह आत पेटवू या का, असेही त्याने विचारले, तेव्हा मी ठाम नकार दिला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि तंबूत तो झोपेतच जीव घेऊ शकतो. मुलांना बरोबर नेणाऱ्या प्रत्येकाने या एका बाबतीत जराही सूट देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या रात्री उंचवट्यावर जागा निवडली, झडपा उघड्या ठेवल्या आणि अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालच्या चटयांकडे अधिक लक्ष दिले, कारण ऊब खरी जाते ती जमिनीत. दिवे मालवून अर्धा तास बसलो, तेव्हा कुठे डोळे अंधाराला सरावले. मुलीला अभिजित तारा दाखवला आणि त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ वर्षे लागतात, असे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुझी आणि काकांची वसतिगृहात ओळख झाली, तेव्हा निघालेला का हा उजेड?" मी हो म्हणालो. पुढे बोलणे मला जमले नाही.

मित्र फाटकाशी उभा होता. केस पांढरे झालेले, उजवा हात अंगाशी धरलेला. माझी वाक्ये मी वाटेत जुळवून ठेवली होती, पण त्याने ती ऐकलीच नाहीत. "तंबू ओला बांधून आणलास ना? बुरशी धरेल. आधी अंगणात उभा कर," एवढेच तो म्हणाला. कापडाला त्या सकाळचे दव लागलेलेच होते.

ताणाचे दोर बांधताना मी साध्याच गाठी मारत होतो. ते पाहून त्याने मुलीला जवळ बोलावले. सरकगाठ मला त्यानेच शिकवली होती, आणि मी ती विसरलो होतो. आता त्याची बोटे ती मारू शकत नव्हती, म्हणून त्याने ती शब्दांनी शिकवली. "दोर खुंटीभोवती घाल. आता मोकळे टोक ताणलेल्या दोराभोवती दोनदा गुंडाळ, खुंटीच्या बाजूला. मग त्याच्या वर, तंबूच्या बाजूला, आणखी एक वेढा. टोक त्याच वेढ्यातून काढ आणि आवळ." दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा बसली, तेव्हा त्याने डाव्या हाताने दोर ओढून पाहिला. ताण असला की ती गाठ दोराला घट्ट धरून राहते आणि दोर सैल केला की हाताने हवी तशी सरकवता येते, हे त्याने तिच्याकडून करवून घेतले. मी शेजारी खुंटी धरून बसलो होतो. "तेव्हा यायला हवे होते रे मी," असे मी म्हणालो. "आता आलास ना," तो म्हणाला आणि दुसऱ्या दोराकडे वळला.

त्या रात्री मुले घरात झोपायला तयार नव्हती. नायलॉन ओलसर झाले की सैल पडते. पहाटेपर्यंत दवाने तंबूची एक बाजू खाली आली होती. मी उठून बाहेर आलो, तर मुलगी आधीच ओल्या गवतात गुडघे टेकून एकेक गाठ वर सरकवत होती, आणि ओसरीवर बसलेला मित्र तिला पुढचा दोर दाखवत होता.