फुलं आली की सांगते

रानात एका झाडापाशी अण्णांनी विचारलं, "हे कोणतं?" "याला फुलं आली की सांगते," एवढंच मी म्हणाले होते. त्यावर अण्णा म्हणाले, "तुला झाडं ओळखता येतात की फुलं?" आणि पुढे चालू लागले. त्यांच्या ते लक्षातही नसेल. मी मात्र तेव्हापासून घुसमटतेय.

इतकी वर्षं झाडं ओळखायला शिकण्यात खपले त्याचं हेच का? पळस, पांगारा, सावर, बहावा धावत्या गाडीतूनही सांगते मी. पण हिशोब मांडला तर सावर माझ्या ओळखीची वर्षातले जेमतेम दोन महिने. बाकी वेळ ती पाच-सात पर्णिकांचं (एकाच देठावरच्या छोट्या पानांचं) पान घेऊन, खोडावर रुंद बुडाचे काटे मिरवत तिथंच उभी असते आणि मी शेजारून निघून जाते. म्हातारी झाली की बुंध्यावरचे काटेही झडतात, म्हणजे तीही खूण गेली. पांगाऱ्यालाही काटे असतात. शिवाय पळसासारख्या त्यालाही पर्णिका तीनच. कुसुमाचं तर आणखीच अवघड. त्याची लाल पालवी लांबून मला फुलोरा वाटायची, आणि ती हिरवी झाली की झाड माझ्यापुरतं नाहीसंच.

नंदू असताना असं मनाला लागलं नसतं. असो.

मला बोचतंय ते हे की अण्णांना पानही लागत नाही. ते खोडाला हात लावतात, पायाखालचं काहीतरी उचलतात, आजूबाजूला काय उगवलंय ते बघतात आणि मग बोलतात. ऐन आणि अर्जुन एकाच कुळीचे, फळालाही दोघांच्या पाच पंख. अण्णांना फळाची वाट बघावी लागत नाही. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी खोल भेगांची, अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. आणि झाड ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडून उभं असेल तर त्यांची नजर आधीच अर्जुनाकडे झुकलेली असते. मी मात्र ओढ्याला ओढा म्हणून बघते. तिथं करंज, उंबर, वाळुंज असणार याची तयारी मनात नसतेच.

एकदा शिकलं की झालं, असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे! फणसाच्या कोवळ्या रोपाची पानं कातरलेली असतात, मोठ्या झाडाची अखंड. म्हणजे ऋतूच नाही, वयही शिकायचं. रानहळद पावसाळ्यात रानभर आणि उन्हाळ्यात सगळा कारभार जमिनीखालच्या कंदात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एप्रिलमध्ये नुसता तापलेला कातळ, तिथंच पावसाच्या शेवटी गेंद आणि सीतेची आसवं ही इवली फुलं. कुठवर पुरं पडणार माणूस? रात्री हे सगळं आठवत पडले होते आणि स्वतःची भयंकर कीव येत होती.

मग कारवी आठवली, डोंगरातलं ते झुडूप. ती सामूहिकरीत्या फुलते साधारण सात वर्षांनी. तिच्यापुढे उभं राहून "फुलं आली की सांगते" म्हणायचं आणि सात वर्षं घरी जाऊन बसायचं! हसूच आलं. कारवी मला तिच्या खरखरीत पानांवरून कळते की. फुलाशिवाय ओळखलेली एक तरी आहे, आणि अण्णांनी नेमकं तिचंच विचारलं नाही. (त्यांना हे सांगणार नाही. ते दुसरं काहीतरी काढतील.)

वही काढली. प्रत्येक पानावर वर फुलाचा फोटो चिकटवलेला, खाली साल, कळी, पानगळीनंतरचा देठाचा व्रण यांसाठी जागाच सोडलेली नाही. नवी वही करावी लागणार. पहिला ऐन. त्याच्या पानाच्या मागच्या बाजूला, बुडाशी, मधल्या शिरेजवळ दोन ग्रंथी असतात, त्या एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्यात. पण ऐन उंच, खालच्या फांदीलाही हात पोचत नाही. पक्ष्यांसाठी घेतलेली दुर्बीण पडून आहे, तीच आता पानांच्या पाठीवर रोखेन. पक्षी नाहीतरी मला कधी नीट दिसलेच नाहीत.