स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी

उद्या साइटवर स्लॅबचं काँक्रीट ओतायचं आहे, म्हणून नव्याने लागलेल्या ज्युनियर इंजिनिअरांसाठी मनातलं लिहून ठेवते. तुमचं नाव होतं ते या संध्याकाळच्या कामावर. सकाळी काँक्रीटच्या गाड्या गेटवर लागल्या की ठेकेदार, मुकादम, पंपवाला सगळ्यांनाच घाई असते. तेव्हा नव्या माणसाचं कोण ऐकतं?

आधी बाल्कनी बघा. तिथला ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. खुर्च्या, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार, कमी पडल्या की काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावरून चालतात, जाळी खाली दबते आणि पुढे भिंतीलगत वरून तडा जातो. वरून सगळं गुळगुळीत दिसत असल्याने हा दोष लगेच कळत नाही, आणि म्हणूनच मला त्याची सर्वांत जास्त धास्ती वाटते. खुर्च्या हाताने हलवून पाहा. चालायला फळ्या टाकून घ्या. सळई आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, तेही मोजून बघा: स्लॅबला साधारण २० मिमी, कॉलमला ४०. ड्रॉइंगमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

सळईचं माप आजच घ्या, उद्या ती काँक्रीटखाली जाईल. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिमीला ०.८९. ठेकेदाराचं बिल आल्यावर वाद होतो तो याच आकड्यांवर. ज्याच्या वहीत तारीख, जागा आणि ठेकेदाराच्या माणसाची सही असते, त्याच्याकडे साहेब पुढची मोठी जबाबदारी देतात.

उद्या ३० घनमीटर काँक्रीट असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे. ७ दिवसांचा अंदाज हवा असेल तर आणखी नऊ. सगळे एकाच गाडीतून भरू नका. माल घट्ट वाटला की कुणीतरी गाडीच्या ड्रममध्ये पाणी सोडायला सांगतंच. पाण्याने माल सैल होतो, पण ताकद उतरते. स्लंप, म्हणजे माल किती सैल आहे ते मोजा, काँक्रीट पाठवणाऱ्या प्लांटला फोन लावा, ते अ‍ॅडमिक्श्चरचं, म्हणजे मालात मिसळायच्या रसायनाचं बघतील. गाडीसोबत येणाऱ्या चलनाच्या कागदावर गाडी भरल्याची वेळ असते, तीही वाचा.

क्यूबवर तारीख, ग्रेड आणि जागा साच्यातून काढल्याकाढल्या लिहा. स्लॅबवर नंतर पाणी मारण्याचं काम कुणाकडे, ते आजच नावानिशी ठरवा. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट असेल तर निदान १० दिवस, रविवार धरून.