कार्डावरचा आकडा

आज नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, कार्डावर १४८/९४ लिहिले आणि गेल्या तीन वर्षांच्या नोंदींवरून पेनाचे टोक हळूहळू खाली आणत ते म्हणाले, “हा एका दिवसात चढलेला नाही.”

तपासण्यांचे पैसे विम्यातून मिळतील का, असे मी सवयीने विचारले. “विमा तुम्ही आडवे झाल्यावर, उभे आहात तोवर मी,” ते हसले.

घरी येऊन पॉलिसी प्रथमच नीट वाचली. दरवर्षी हजारोंचा हप्ता भरूनही २४ तास दाखल झाल्याशिवाय बहुतेक खर्च मिळत नाही आणि बाह्यरुग्ण तपासणी तर वगळलेलीच आहे. डॉक्टरांची फी होती २०० रुपये, आणि तीही मला खर्च वाटली होती!

तुमच्या कार्डावरची शेवटची नोंद कधीची आहे?