न्यू यॉर्क डॉल्स का चालले नाहीत?

"सर, हे एवढे भारी होते तर चालले का नाहीत?"

माझ्याकडे गिटार शिकायला येणारी मुलं आज ना उद्या हे विचारतातच. चूक माझीच, न्यू यॉर्क डॉल्स या सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन रॉक बँडचं नाव मी वर्गात जरा जास्तच घेतो. मुलं घरी जाऊन शोधतात आणि त्यांच्या हाती लागतं ते असं: धड दोन अल्बम, एक 1973 चा, एक 1974 चा. अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिला कसाबसा 116 व्या क्रमांकावर गेला, दुसरा 167 व्या. 1975 मध्ये बँड फुटल्यात जमा. पुढे बऱ्याच वर्षांनी उरलेल्यांनी एकत्र येऊन अल्बम काढले, पण ती वेगळी गोष्ट. एवढ्याशा कारकिर्दीचं काय कौतुक, असं मुलांना म्हणायचं असतं. मला वाईट वाटेल म्हणून म्हणत नाहीत, इतकंच.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

'ते काळाच्या पुढे होते' हे तयार उत्तर सगळीकडे मिळतं. मला ते पटत नाही. काळाच्या पुढे कसले? चांगले दहा-पंधरा वर्षं मागे होते. जुना रॉक अँड रोलवाला बो डिडली याची गाणी आणि साठच्या दशकातले गाणाऱ्या पोरींचे ग्रुप, हे त्यांचं भांडवल. त्यांच्या 'लुकिंग फॉर अ किस' या गाण्याच्या सुरुवातीला गायक डेव्हिड जोहान्सन जे बोलतो, ते त्यांनी शांग्री-लाज या पोरींच्या ग्रुपच्या एका गाण्यातून सरळ उचललंय. रॉकवाले तेव्हा लांबलचक सोलो वाजवून स्वतःला गंभीर समजायला लागले होते, आणि हे पाच जण तीन-चार मिनिटांचं गाणं धडाधड वाजवून मोकळे व्हायचे.

ही पोरं मॅनहॅटनची नव्हेत, न्यू यॉर्कच्या बाहेरच्या भागांतली. गिटारवाला जॉनी थंडर्स क्वीन्सचा, बेस वाजवणारा आर्थर केन ब्रॉन्क्सचा, जोहान्सन स्टेटन आयलंडचा. दुसरा गिटारवाला सिल्व्हेन सिल्व्हेन तर जन्माने कैरोचा, ज्यू कुटुंबातला, आणि ड्रमर बिली मुर्सिया कोलंबियाचा. सिल्व्हेन आणि बिली यांनी आधी विणलेल्या कपड्यांचा छोटा धंदा केला होता. पुढे सिल्व्हेन पुरुषांच्या कपड्यांच्या एका दुकानात कामाला होता, आणि त्या दुकानासमोर मोडक्या बाहुल्या दुरुस्त करायचं दुकान होतं, 'न्यू यॉर्क डॉल हॉस्पिटल'. बँडचं नाव तिथून आलं. सांगायचा मुद्दा हा की कपडा हा यांच्यासाठी नंतर कुणा मॅनेजरने सुचवलेला प्रकार नव्हता. त्यांना त्यातलं कळत होतं.

ते स्टेजवर बायकी कपडे आणि मेकअप करून यायचे, त्यावरून एक उपप्रश्न हमखास येतो, तोही मुलांच्या आईवडिलांकडून. बायकांचे कपडे? म्हणजे बालगंधर्वांसारखं काही? नाही हो. बालगंधर्व शालू नेसून आले की समोर बाई आहे असं प्रेक्षकाला वाटायला हवं, त्यासाठी सगळी साधना. डॉल्सना कुणाला काही वाटायला लावायचंच नव्हतं. छातीवरचे केस दिसतायत, दाढीचे खुंट दिसतायत, वर लिपस्टिक आणि उंच टाचांचे बूट. लंडनमध्ये मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी या गायकांचं ग्लॅम, म्हणजे नटूनथटून केलेलं रॉक, नेटकं होतं, आखलेलं होतं. यांचं जुन्या बाजारातून जमवलेलं.

आता माझं उत्तर. डॉल्स हा एका वस्तीचा बँड होता, आणि रेकॉर्ड कंपनीने तो देशभर विकायला काढला.

1972 च्या उन्हाळ्यात ते दर मंगळवारी मर्सर आर्ट्स सेंटरमध्ये वाजवायचे. ब्रॉडवे सेंट्रल या जुन्या, पडायला आलेल्या हॉटेलच्या मागच्या अंगाला नाटकाच्या छोट्या छोट्या खोल्या केल्या होत्या, त्यांतली 'ऑस्कर वाइल्ड रूम' ही यांची. प्रेक्षकांत नाटकवाले, चित्रकार, प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉलच्या गोतावळ्यातली मंडळी. बोवीही येऊन बघून गेला. स्टेजवरचे आणि खालचे साधारण सारखेच नटलेले. तिथे जोहान्सनने एक भुवई उडवली की अख्ख्या खोलीला कळायचं. वाजवण्यात चुका व्हायच्या, गिटारी सुरात नसायच्या, पण त्या खोलीत कोण सूर मोजत बसणार?

त्या हॉटेलचा एक भाग 3 ऑगस्ट 1973 ला कोसळला. चार माणसं गेली आणि मर्सर सेंटरही संपलं. डॉल्सचा पहिला अल्बम आला होता 27 जुलैला, म्हणजे बरोबर आठवडाभर आधी. त्यांचा मंगळवार तेव्हा बंद होऊन बरेच महिने झाले होते, तेव्हा इमारत पडली म्हणून बँड पडला असं मी म्हणणार नाही. पण ज्या खोलीत त्या गाण्यांना अर्थ होता ती गेली, आणि त्याच वेळी ती गाणी ओहायोतल्या दुकानात जाऊन पडली.

आणि कशी पडली ते पाहा. रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला पाच जण सोफ्यावर बसलेत, पूर्ण मेकअपमध्ये, वर लिपस्टिकने लिहिल्यासारखं नाव. मागच्या बाजूला तेच पाच जण सेंट मार्क्स प्लेसच्या कोपऱ्यावरच्या 'जेम स्पा' या टपरीवजा दुकानासमोर उभे, रस्त्यावर फिरतात तशा कपड्यांत. माझ्या मते खरं कव्हर हे मागचं. पुढचा फोटो बघून लोकांनी एकतर हसून ठेवून दिला किंवा घाबरून. उलटा ठेवला असता तर? उगाच माझं आपलं, पण क्लासमध्ये मी रेकॉर्ड नेहमी उलटीच दाखवतो.

तेव्हाच्या लोकांना काय वाटलं याचा सगळ्यात छान पुरावा म्हणजे 'क्रीम' या रॉक मासिकाच्या वाचकांचा कौल. 1973 चा सर्वोत्तम नवा बँड कोण? न्यू यॉर्क डॉल्स. सर्वात वाईट नवा बँड कोण? न्यू यॉर्क डॉल्स. इंग्लंडमध्ये बीबीसीवर ते वाजवून गेल्यावर निवेदक बॉब हॅरिसने 'मॉक रॉक', म्हणजे नकली रॉक, म्हणून त्यांना निकालात काढलं. तोच कार्यक्रम मँचेस्टरमधला एक चौदा वर्षांचा मुलगा बघत होता. तो मॉरिसी, पुढे 'द स्मिथ्स' बँडचा गायक झालेला. पुढे त्याने इंग्लंडमध्ये डॉल्सचा फॅन क्लब चालवला.

दुसरं तयार उत्तर: नशेने बुडाले. हे खोटं नाही. नोव्हेंबर 1972 मध्ये, रेकॉर्ड कंपनीशी करार व्हायच्याही आधी, लंडनमधल्या एका पार्टीत बिली मुर्सिया बेशुद्ध पडला. शुद्धीवर यावा म्हणून लोकांनी त्याला बाथटबमध्ये ठेवून कॉफी पाजली, आणि तो गुदमरून गेला. एकवीस वर्षांचा होता. त्याच्या जागी जेरी नोलन आला. पुढे थंडर्स आणि नोलन हेरॉइनमध्ये अडकले, केनला दारूने इतकं घेरलं की काही वेळा त्याच्याऐवजी त्यांचा रोडी, म्हणजे सामानसुमान सांभाळणारा माणूस, बेस वाजवायचा. पण नुसतं नशेवर खापर फोडायचं तर एरोस्मिथ या रॉक बँडचं काय करायचं? ज्या लेबर आणि क्रेब्सकडे डॉल्सचा कारभार होता, त्यांच्याकडेच एरोस्मिथ होते. नशेत तेही काही मागे नव्हते. पण त्यांची गाणी कुठल्याही गावातल्या कुठल्याही स्टेडियममध्ये चालायची. ती समजायला जेम स्पा कुठे आहे हे माहीत असावं लागत नव्हतं.

'किस' या बँडचं उदाहरण तर आणखी बोलकं. न्यू यॉर्कचेच, डॉल्सना बघून गेलेले. दिसण्यात यांच्याशी टक्कर देणं आपल्याला झेपणार नाही हे त्यांनी ओळखलं, आणि बायकी नखरा वगळून काळ्या-पांढऱ्या रंगाचे राक्षसी चेहरे घेतले. आईबापांना भीती वाटेल पण लाज वाटणार नाही, असा मेकअप. तो विकला गेला. मला किस फारसे आवडत नाहीत, पण धंद्याची अक्कल त्यांना होती हे मान्य.

शेवटचा अंक लंडनच्या माल्कम मॅक्लारेनचा, जो पुढे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा मॅनेजर झाला. 1975 मध्ये त्याने डॉल्सना लाल चामड्याचे कपडे चढवले आणि स्टेजच्या मागे विळा-हातोड्याचा झेंडा लावला. अमेरिका अजून व्हिएतनाममधून पुरती बाहेर आलेली नव्हती, आणि हे लाल होऊन फिरतायत! लिपस्टिकवरून हसणारे आता चिडले. फ्लोरिडाच्या दौऱ्यात थंडर्स आणि नोलन निघून गेले आणि बँड मोडल्यासारखाच झाला. मॅक्लारेन लंडनला परतला तो सिल्व्हेनची पांढरी लेस पॉल गिटार घेऊन. ती पिस्टल्सचा गिटारवाला स्टीव्ह जोन्स याच्या गळ्यात पडली. म्हणजे सेक्स पिस्टल्सच्या त्या प्रसिद्ध गोंगाटात एक गिटार डॉल्सची आहे. त्याच पिस्टल्सनी पुढे डॉल्सची टर उडवणारं गाणंही केलं, हे वर.

आज त्या मूळ मंडळींपैकी कुणीही नाही. थंडर्स 1991 मध्ये गेला, नोलन 1992 मध्ये. 2004 साली मॉरिसीने लंडनच्या मेल्टडाउन महोत्सवात उरलेल्या तिघांना एकत्र आणलं. केन तोवर लॉस एंजेलिसला मॉर्मन पंथाच्या वंशावळींच्या ग्रंथालयात काम करत होता. त्या कार्यक्रमानंतर महिन्याभरातच तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. सिल्व्हेन 2021 मध्ये आणि जोहान्सन फेब्रुवारी 2025 मध्ये. जोहान्सनला मधल्या काळात खरं यश मिळालं ते बस्टर पॉइंडेक्स्टर या टोपणनावाने गायलेल्या 'हॉट हॉट हॉट'मुळे. अमेरिकेतल्या लग्नांत ते अजून वाजतं, आणि त्याला मनापासून वैताग होता त्या गाण्याचा.

ऐकायचंच असेल तर पहिला अल्बम घ्या आणि 'पर्सनॅलिटी क्रायसिस'पासून सुरू करा. जोहान्सन लांडग्यासारखा हेल काढतो, मागे पियानो बडवला जातोय तिकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त थंडर्सची गिटार ऐका. सूर ओढताना तो नेमक्या जागेच्या किंचित पुढे जातो आणि परत येत नाही. माझे विद्यार्थी ते दुरुस्त करून वाजवतात आणि सगळी मजा घालवतात. या अल्बमचं मिक्सिंग निर्माता टॉड रंडग्रेनने बिघडवलं अशी बँडची तक्रार होती. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. दुसरा अल्बम शांग्री-लाजच्याच निर्मात्याने, शॅडो मॉर्टनने केला. दहांपैकी चार गाणी दुसऱ्यांची आहेत, म्हणजे स्वतःचा साठा संपत आला होता हे उघड आहे. त्यातलं 'ह्यूमन बीइंग' तेवढं सोडू नका, ते सगळ्यात शेवटी आहे.